खिडकीचा ताबा

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून आमचा संगणक एका चहापुरता चालू लागला.

म्हणजे असं, की बटण दाबलं की तो नेहमीसारखा घरघरायचा, आपले सगळे सोपस्कार उरकायचा, पडद्यावर ढग यायचे, मी कपातला पहिला घोट घ्यायचो आणि कपाचा तळ दिसायच्या सुमारास 'टक्' असा आवाज होऊन सगळं काळं व्हायचं. लगेच पुन्हा चालू केला तर अर्ध्या कपात बंद. जरा निवू दिला तर पुन्हा पूर्ण कप. चहा जास्त गरम असला तर तो जास्त वेळ चालतो, असं माझं निरीक्षण होतं. पण गरम चहा प्यायला वेळ लागतो, त्यात संगणकाचं काही कर्तृत्व नाही, असं पद्मजाचं म्हणणं पडलं.

पद्मजा ही माझी पत्नी. तिचं आणि संगणकाचं जमत नव्हतं, आणि त्याचं कारण खिडकी.

काळाचौकीच्या आमच्या चाळीत आम्हाला दोन खोल्या आहेत आणि दोन खिडक्या. त्यातली एक शेजारच्या इमारतीच्या भिंतीला जवळजवळ टेकलेली असल्यामुळे तिला खिडकी म्हणायचं ते केवळ भाडेपावतीपुरतं. दुसरी मात्र खरी खिडकी. उजेड, वारा आणि खालच्या रस्त्यावर कोण कुणाशी बोलतंय याची माहिती, हे सगळं तिथून आत येतं. या खिडकीपाशी आमचं लग्न झाल्यापासून पद्मजाचं शिवणयंत्र होतं. ती चाळीतल्या आणि चाळीबाहेरच्याही बायकांचे ब्लाउज शिवते. श्रावणात मी संगणक आणला तेव्हा शिवणयंत्र गॅलरीत, निळ्या प्लास्टिकखाली गेलं.

"पुढचं जग संगणकाचं आहे," मी तेव्हा म्हणालो होतो.

"असू दे. ब्लाउज कोण शिवणार?" असं पद्मजाने विचारलं होतं. मी संगणकावर मुख्यतः महानगरपालिकेला पत्रं लिहीत असे आणि एकट्याने पत्ते खेळत असे. आमच्या वडिलांच्या काळी एकट्याने पत्ते खेळणाऱ्या माणसाची घरात काळजी करत. आता त्याला संगणकसाक्षर म्हणतात.

तर संगणक बिघडला आणि पद्मजाने शांतपणे निवाडा दिला. "दिवाळीचे ब्लाउज डोक्यावर आहेत. गॅलरीत मला सुईचं नाक दिसत नाही. वसुबारसेच्या संध्याकाळपर्यंत हा नीट झाला तर खिडकी त्याची, मी परत तोंड उघडणार नाही. नाही झाला तर हा माळ्यावर आणि माझं मशीन खिडकीत."

मी अट मान्य केली. मी नोकरीला आहे भाडेकरूंचे दावे चालतात त्या कोर्टात. तिथे खोली कुणाच्या मालकीची हा प्रश्न तिसऱ्या पिढीला पडतो. पहिल्या दोन पिढ्या ताबा कुणाचा यातच खर्ची पडतात. ज्याचा ताबा त्याचं निम्मं काम झालं, हे मी जेवताना पद्मजाला इतक्यांदा सांगितलंय की आमटी वाढताना ती ते माझ्याबरोबर पुटपुटते. खिडकीचा ताबा माझ्याकडे होता. मला कसली भीती?

पहिलं निदान झालं ते शेजारच्या हेमचंद्राचं. हेमचंद्र बँकेत आहे. त्याच्या बँकेत संगणक येऊ नयेत म्हणून युनियनने जो लढा दिला, त्यात तो आघाडीवर होता. विरोध मुद्देसूद व्हावा म्हणून त्याने संगणकाचा इतका अभ्यास केला की शेवटी संगणक आले तेव्हा ते चालवता येणारा बँकेत तो एकटाच निघाला.

"गंगाधर, घाबरू नकोस," तो म्हणाला. "याला शास्त्रीय पद्धत आहे. एकेक भाग बदलून बघायचा. ज्या भागाच्या बदलाने गाडी चालू लागेल तो भाग गुन्हेगार."

तो स्क्रू ड्रायव्हर घेऊन संगणकाच्या खोक्याकडे वळला आणि मी आडवा पडलो. खोक्याच्या मागच्या स्क्रूवर कंपनीचं एक गोल चकचकीत कागदी सील होतं. ते फाटलं की वॉरंटी गेली. आमच्या घरात वॉरंटीला फार मान आहे. मिक्सरची वॉरंटी संपल्यानंतर आम्ही त्याच्याशी जरा जपूनच वागतो. सोफ्याचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही, पाहुणे उठताना 'चर्र' असा आवाज होतो आणि तो त्यांचाच आहे असं आम्ही त्यांना वाटू देतो.

"सील न तोडता काय ते कर," मी म्हणालो.

"म्हणजे पेशंटचा सदरा न काढता ऑपरेशन!"

पण हेमचंद्र हरणारा नव्हे. खोक्याच्या पुढच्या बाजूला एका खणाचं झाकण पहिल्यापासूनच नव्हतं, पत्रपेटीसारखी एक फट होती. 'पुढे काही बसवायचं झालं तर सोय' असं दुकानदाराने सांगितलं होतं. हेमचंद्राने त्या फटीला डोळा लावला आणि बॅटरी मारली.

"काही दिसतंय?"

"हिरवं हिरवं काहीतरी दिसतंय."

"म्हणजे?"

"मदरबोर्ड," तो जाणकारपणे म्हणाला. "मदरबोर्ड हिरवाच असतो."

मग शास्त्रीय पद्धत बाहेरून सुरू झाली. हेमचंद्राने आपल्या घरून मॉनिटर आणला. चहा झाला. टक्. मग त्याचा कीबोर्ड आणला. चहा झाला. टक्. मग माउस, मग वायर, मग वायरचा बोर्ड. प्रत्येक प्रयोगाला एक चहा लागत असल्यामुळे आणि प्रयोग बघायला चाळीतले लोकही येत असल्यामुळे आमची साखर संपली आणि ती हेमचंद्राच्याच घरून आणावी लागली. त्यात पद्मजाच्या घरची शिस्त अशी, की उसनी आणलेली वस्तू रिकामी परत करायची नाही. कीबोर्ड परत गेला तो चिवड्याच्या डब्यासकट, मॉनिटरबरोबर नारळाच्या वड्या गेल्या. दुसऱ्या दिवशी हेमचंद्राच्या पत्नीने, कालिंदीवहिनींनी, कुणी न मागता स्पीकर पाठवून दिले. "हेही बघा बदलून, बिघाड यातही असेल," असा निरोप होता.

बिघाड त्यातही नव्हता. स्पीकरबरोबर शेव गेली.

दुसरं निदान कोंडीरामदादांचं. ते तळमजल्यावर राहतात आणि गिरणीत साचेखात्यात, म्हणजे जिथे माग चालतात तिथे, जॉबर होते. संप मागे घेतल्याचं त्यांना अजून कुणी रीतसर कळवलेलं नाही. त्यामुळे आपण अजून संपावरच आहोत अशी त्यांची भूमिका आहे, आणि घरात कुणी काम सांगितलं की ते ती मांडतात. मात्र दसरा आला की त्यांना राहवत नाही. गिरणीत दसऱ्याला साचे धुऊनपुसून, फुलांनी मढवून पूजा व्हायची. गिरणीचा भोंगा बंद झाला तरी दादांना दरवर्षी पूजेला एक यंत्र लागतंच. एका वर्षी त्यांनी चाळीच्या पाण्याच्या पंपाची पूजा केली, एका वर्षी पिठाच्या गिरणीची, आणि एकदा तर काहीच न मिळाल्यामुळे पोस्टमनची सायकल अडवून तिला हार घातला होता. यंदा त्यांनी आमचा संगणक निवडला. झेंडूचा हार, हळदकुंकू, नारळ, सगळं यथासांग झालं. नारळ मी उंबऱ्यावर फोडायला लावला, कारण दादांचा रोख मॉनिटरकडे होता. संध्याकाळी सोनं द्यायला आलेल्या अख्ख्या चाळीने मला, पद्मजाला आणि संगणकालाही आपट्याची पानं दिली. संगणकाने कुणाला परत दिली नाहीत. पण तो चाळीत नवा होता म्हणून कुणी मनावर घेतलं नाही.

अशा पूजेनंतर दुसऱ्याच दिवशी यंत्र बंद पडावं, हा दादांना स्वतःचा अपमान वाटला. ते वर आले, खोक्यावर हात ठेवून डोळे मिटून उभे राहिले.

"तापलंय जी."

"ते तापतंच, दादा," हेमचंद्र म्हणाला.

"तसं न्हाई. ह्याला सकाळपाळी मानवत न्हाई. आमच्या खात्यात एक साचा व्हता, दिवसपाळीला निसता तुटायचा, आन् दुसऱ्या पाळीला मऊ लोण्यावानी चालायचा. पाळी बदला ह्याची."

मी पाळी बदलली. संध्याकाळच्या चहालाही टक्.

आता वसुबारस जवळ आली होती. गॅलरीत पद्मजा मान वाकडी करून अस्तनीला टीप मारत होती आणि मधूनच खिडकीकडे बघत होती. त्या बघण्यात राग नव्हता. भाड्याची खोली बघायला आलेली माणसं भिंतींकडे जशी बघतात तसं ते बघणं होतं. मी कंपनीच्या दादरच्या दुरुस्ती केंद्राला फोन लावला. आधी बराच वेळ बासरी वाजली. मग एक गोड आवाज आला.

"घरी इंजिनिअर दिवाळीनंतरच येतील, सर. आपण इथे घेऊन आलात तर त्याच दिवशी बघतील. सील शाबूत आहे ना?"

"शाबूत? आम्ही त्याच्यावर धूळसुद्धा बसू दिलेली नाही."

"आणि ओरिजिनल पॅकिंगमध्येच आणा हं. पॅकिंग नसेल तर वॉरंटीत घेत नाहीत. खोका आणि आतले थर्माकोल आहेत ना?"

"आहेत. म्हणजे... ते सध्या देवळाच्या स्वरूपात आहेत."

पलीकडे पुन्हा बासरी सुरू झाली.

त्याचं असं झालं होतं. संगणक आला आणि पाठोपाठ गणपती आले. लालबागच्या इतक्या जवळ राहून घरच्या गणपतीला बाजारचं मखर आणणं माझ्या स्वाभिमानाला परवडत नाही. संगणकाच्या थर्माकोलचे ते दोन भलेमोठे तुकडे मला दिसले आणि त्यांच्यात मला गाभारा दिसला. मी त्यांना खांब केले, कमान केली, वर कळस चढवला आणि सगळ्याला सोनेरी रंग दिला. पुठ्ठ्याच्या खोक्याची मागची भिंत झाली. चाळीच्या मखर स्पर्धेत मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. पहिलं बक्षीस ज्याला मिळालं त्याचा मेहुणा परीक्षक होता, एवढंच मी सांगतो आणि तो विषय सोडतो.

मखर माळ्यावर जपून ठेवलेलं होतं. ते खाली काढलं. त्याचं पुन्हा साधं थर्माकोल करणं शक्य नव्हतं, कारण डिंक मीच लावला होता आणि तो उत्तम होता. हेमचंद्र म्हणाला, "अरे, ओरिजिनल पॅकिंग हेच आहे ना? मग यातच ने. नियमात कुठे लिहिलंय की पॅकिंगला कळस नसावा?"

संगणकाचा खोका गाभाऱ्यात सरकवून बघितला. तो असा चपखल बसला, की जणू ते मखर त्याच्यासाठीच झालं होतं. आणि तसं ते झालंच होतं.

वसुबारसेच्या सकाळी आम्ही निघालो. जिन्यावरून मखर उतरताना "सांभाळून, कळस लागेल" असं सगळे एकदम ओरडत होते, खोक्याबद्दल कुणी काही बोललं नाही. दारात राधाबाई मासेवाली बसली होती. तिने आधी टोपलीवर फडकं ओढलं, मग हात जोडले आणि मग नीट बघितलं.

"गंगाधरभाऊ, ह्यो कुठला देव?"

"दुरुस्तीला चाललाय," कोंडीरामदादा म्हणाले. ते स्वतःहून बरोबर निघाले होते. पूजा त्यांच्या हातची होती, त्यामुळे ही आपली नैतिक जबाबदारी आहे असं ते म्हणत होते.

पहिल्या टॅक्सीवाल्याने मखर बघून मीटर पाडायलाच नकार दिला. दुसऱ्याने चपला काढून दार उघडलं. मागच्या सीटवर मखर, त्याला दोन्ही बाजूंनी धरून हेमचंद्र आणि मी, आणि पुढे दादा, खिडकीतून हात बाहेर काढून "बाजू, बाजू" करत. लालबागला गर्दीने वाट दिली. परळला एका बाईंनी चालत्या टॅक्सीत जास्वंदीचं फूल टाकलं, ते हेमचंद्राच्या चष्म्यावर बसलं. हिंदमाताच्या सिग्नलला वाहतूक पोलिसाने आत डोकावून कळसापासून तळापर्यंत बघितलं.

"विसर्जन होऊन गेलं की हो," तो म्हणाला.

"हा गणपती नाही. सीपीयू आहे," मी खुलासा केला.

"कोणत्या मंडळाचा?"

सिग्नल सुटला म्हणून बरं झालं.

दादरला दिवाळीची गर्दी. मखर डोक्यावर घेतल्याशिवाय पुढे जाणं अशक्य होतं. ते डोक्यावर घेतल्याबरोबर मागून कुणीतरी आरोळी ठोकली आणि चारपाच अनोळखी गळ्यांनी तिला साथ दिली. भाडेकरूंच्या कोर्टात मला लोक 'साहेब' म्हणतात. कंदिलांच्या आणि पणत्यांच्या दुकानांमधून, कपाळावरून घामाबरोबर सोनेरी रंग ओघळत असताना, मी स्वतःला या गोष्टीची वारंवार आठवण करून देत होतो.

दुरुस्ती केंद्राच्या काउंटरवर रघुवीर नावाचा तरुण इंजिनिअर होता. त्याने मखर बघितलं. मग आमच्याकडे बघितलं. मग पुन्हा मखर.

"हे काय आहे?"

"ओरिजिनल पॅकिंग," मी ताठ मानेने म्हणालो आणि मखर उलटं करून तळाशी, सोनेरी रंगाखालून डोकावणारा कंपनीचा छाप दाखवला.

"कळस?"

"कळस आमचा आहे. त्याची वॉरंटी आम्ही मागत नाही."

रघुवीरने वरिष्ठांना बोलावलं, वरिष्ठांनी चष्मा लावून छाप तपासला आणि मान डोलावली. मग त्यांनी सील तपासलं. सील शाबूत. माझी छाती फुगली. इतके दिवस मी ज्या सीलसाठी आडवा पडलो, ते सील पुढच्याच क्षणी रघुवीरने स्क्रू ड्रायव्हरच्या एका पिळाने फाडून टाकलं. त्याचा चेहरासुद्धा हलला नाही.

पत्रा बाजूला झाला. रघुवीर वाकला आणि तसाच राहिला.

"साहेब, हे तुमच्याकडे कोण भरतं?"

आत पाला होता. तळाशी साचलेला, वायरींत गुंतलेला, आणि प्रोसेसरच्या डोक्यावर जो छोटा पंखा असतो त्याच्या पात्यांत तर असा गच्च अडकलेला की पंखा जागचा हलत नव्हता. पंखा फिरत नाही, प्रोसेसर तापतो, आणि जळून जाण्यापेक्षा बरं म्हणून यंत्र स्वतःच बंद पडतं, असं रघुवीरने समजावून सांगितलं. त्याने चिमट्याने एक पान उचललं. कडेला करपलेलं होतं, पण दोन पाळ्यांची ती आकृती चुकण्यासारखी नव्हती.

"सोनं हाय ते," दादा हळूच म्हणाले.

"दादा! तुम्ही आत टाकलंत?"

"मी येकच टाकलं! वर ठिवलं तर घसरून पडत व्हतं. म्होरं फट व्हती, वाटलं त्याच्यासाठीच ठिवलीया. मग मागनं समदी लायनीत..."

मी हेमचंद्राकडे बघितलं. तो जास्वंदीचं फूल न्याहाळत होता.

"तू फटीतून बघून मदरबोर्ड म्हणालास!"

"मदरबोर्ड हिरवाच असतो," तो म्हणाला. "आणि एक पान माझंही असेल. दोन. कालिंदीचं धरून."

रघुवीर एकेक पान काउंटरवर मांडत होता. जवळजवळ सबंध चाळ तिथे हजर होती. त्यात एका पानावर कुंकवाचं बोट उमटलेलं होतं, नीट, मधोमध. चाळीत सोन्याच्या पानाला कुंकू लावणारी बाई एकच आहे. दरवर्षी ती असं एक पान आपल्या शिवणयंत्राच्या चाकाला अडकवते. मी ते पान खिशात घातलं.

"पाला वॉरंटीत बसत नाही," वरिष्ठ म्हणाले. पण सणाचा दिवस होता, रघुवीरने फुंकर मारून पंखा मोकळा केला, तिथलाच एक मॉनिटर जोडला आणि बटण दाबलं. दादांनी लगेच समोरच्या टपरीवरून चहा मागवला, कारण दुसरी खात्रीची चाचणी आम्हाला माहीत नव्हती. चहा संपला. ढग तसेच तरंगत होते. आम्ही दुसरा चहा मागवला. ढग होतेच.

परत येताना मी मखर मोठ्या ऐटीत डोक्यावर घेतलं. वसुबारसेची संध्याकाळ व्हायला अजून अवकाश होता. अट पुरी झाली होती, खिडकी माझी होती.

घरात शिरलो आणि मला परिचित आवाज आला. शिवणयंत्राचा. खिडकीपाशी, उतरत्या उन्हात, पद्मजा ब्लाउजला काजं-बटणं करायच्या आधीची शेवटची टीप मारत होती. निळं प्लास्टिक घडी करून खुंटीला टांगलेलं होतं.

"अगं, चालू झाला!" मी मखराखालून म्हणालो. "मुदतीच्या आत!"

"हो का? छान झालं."

"मग हे काय? खिडकी त्याची ठरली होती."

पद्मजाने पायडल थांबवलं. "मुदत तुमची आहेच. ताबा कुठे आहे?"

"म्हणजे?"

"सकाळी तुम्ही आपण होऊन जागा खाली केलीत. चार माणसांसमोर. मिरवणुकीने." तिने दोरा दाताने तोडला. "इतकी वर्षं जेवताना कोण सांगत आलंय?"

भाडेकरूंच्या दाव्यांच्या कोर्टात इतकी वर्षं काढलेला मी, डोक्यावर मखर घेऊन माझ्याच घरात उभा होतो. शेवटी मी खिशातलं पान काढून तिच्यापुढे धरलं. निदान नैतिक विजय तरी.

"हे आत सापडलं. कुंकू लावलेलं."

तिने ते हातात घेतलं. मग हसू दाबत म्हणाली, "अगंबाई. सणाच्या दिवशी त्याच्याशी अबोला कशाला, म्हणून दिलं. माझ्या मशीनची जागा घेतली तरी घरातलंच ना ते."

यावर भांडणं शक्य नव्हतं. मखर माझ्या डोक्यावर जड होऊ लागलं होतं. दारात उभ्या कोंडीरामदादांनी घसा खाकरला.

"साहेब, आमच्या खात्यात ह्याचा निवाडा सरळ व्हता. वहिनींचं मशीन जुनं, ते झालं कायम. तुमचं नवं, ते झालं बदली. बदलीवाल्यानं रोज पाळीच्या टायमाला दारात येऊन उभं ऱ्हायाचं. कायमवाला खाड्यावर असला तर त्येच्या जागी काम. नसला तर घरी."

हेमचंद्राने यात कामगारांच्या हक्कांचा काही प्रश्न येतो का हे बघायला तोंड उघडलं, पण कालिंदीवहिनींनी त्याला हाक मारली.

तेव्हापासून आमच्या घरात गिरणीचा कायदा चालतो. संगणक मखरातच असतो, कारण आत त्याला हवा चांगली लागते आणि उचलायलाही बरं पडतं. मी रोज संध्याकाळी कोर्टातून येतो, हातपाय धुतो, मखर छातीशी धरतो आणि खिडकीपासून हातभर अंतरावर उभा राहतो.

पद्मजा मान वर न करता म्हणते, "आज काम नाही."